फाट्यावरचा म्हसोबा निघाला वीरगळ! रस्त्याकडेच्या दगडांविषयी

घाटवाट (धागाकर्ता), सोमवार

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाईत हवी आहे.

आमच्या गावच्या फाट्यावर एक म्हसोबा आहे. सातारा जिल्हा, एवढंच सांगतो. जमिनीच्या वर जेमतेम दोन फूट, शेंदराने माखलेला गोळा. नाक-डोळे काही नाहीत, चांदीचे दोन डोळे कुणीतरी नवसाचे चिकटवलेले, तेवढेच. लहानपणी एसटीची वाट बघत मी त्याला टेकून बसायचो आणि आजीच्या शिव्या खायचो.

सध्या रस्ता रुंद करायचं काम चालू आहे. परवा जेसीबीचं बकेट त्याला बाजूने लागलं आणि दगड कलंडला. सगळ्यांना वाटलं होतं हातभर दगड असेल. निघाला जवळजवळ पाच फूट, तीन फूट जमिनीत. धक्क्याने शेंदराची एक मोठी खपली निघून पडली. मी ती हातात घेऊन पाहिली, चांगली दोन बोटं जाड. कापलेल्या कांद्यासारखे थरावर थर. वरचे भडक केशरी, मधले विटकरी, आतले जवळजवळ काळे, आणि मधूनच चांदीच्या वर्खाची पुसट रेघ. जिथून खपली निघाली तिथे एक माणूस कोरलेला दिसतोय, उजव्या हातात तलवार, डाव्या हातात ढाल.

जेसीबीवाल्या पोराने मशीन बंद केलं, खाली उतरून चपला काढल्या, नमस्कार केला आणि म्हणाला, "दादा, आता तुमचं तुम्ही बघा, मी याला हात लावणार नाही." दगड चरीत आडवा आहे. कामावरचे सुपरवायझर म्हणतात दोन-तीन दिवस थांबतो, नंतर भरावात गेला तर मला विचारू नका.

हे काय आहे? कुणाला सांगायचं? फोटो खाली जोडलेत.


मोडीवाचक, सोमवार

वीरगळ आहे, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या स्मरणाचा दगड. शंकाच नाही. दुसऱ्या फोटोत ढालीच्या वर आडवी पट्टी दिसते बघा, तिच्या वरचा कप्पा अजून शेंदराखाली आहे.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो, हे आधी लक्षात ठेवा. आपण पुस्तक वरून वाचतो त्या सवयीने गेलात तर सगळी गोष्ट उलटी लागते. बहुतेक वीरगळांत तीन किंवा चार कप्पे असतात. अगदी खाली वीर मरून आडवा पडलेला. त्याच्या वर लढाई, तीच तुम्हाला दिसतेय. त्याच्या वर अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून स्वर्गात नेताहेत. सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, समोर पुजारी. माथ्यावर कलश आणि बाजूंना चंद्र-सूर्य, म्हणजे चंद्र-सूर्य असेपर्यंत याची कीर्ती राहो.

खालच्या कप्प्यात गाई कोरलेल्या असतील तर तो माणूस गोधन वाचवताना पडला. त्या काळी गावावर धाड म्हणजे प्रामुख्याने गुरं पळवणं. तेव्हा राजाच्या लढाईत मेलेलेच वीर असतात असं मुळीच नाही, आपल्या वाडीची गुरं सोडवायला गेलेला कुणी एक तरणा पोरगाही असतो. एकसरचे वीरगळ (बोरिवलीजवळ, सहा आहेत) बघा, तिथे चक्क जहाजं आहेत आणि ओळीने वल्ही मारणारे लोक. शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्यातल्या, १२६५च्या सुमाराच्या लढाईशी ते जोडले जातात. तुमच्या जिल्ह्यातच वाईजवळ किकलीला भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात इतके वीरगळ आहेत की बघताना मान दुखते.

नाव मिळेल अशी आशा मात्र धरू नका. शब्द कानडी 'वीरगल्लु'वरून आला, कल्लु म्हणजे दगड. कर्नाटकातल्या पुष्कळ वीरगळांवर लेख आहेत. आपल्याकडचे बहुतेक मुके.


पायवाट, सोमवार

वाचनखूण साठवली. बाकी चपला काढणाऱ्या त्या पोराला माझा नमस्कार सांगा.


डांबरी, सोमवार

घाटवाट, रस्त्याच्या कामात माझी वीस वर्षं गेली, म्हणून कामाचं तेवढं सांगतो.

उद्या सकाळी लेखी अर्ज द्या. एक तहसीलदारांना, एक ग्रामपंचायतीला, एक प्रत राज्य पुरातत्त्व खात्याच्या विभागीय कार्यालयाला. तोंडी सांगून कुणी ऐकत नाही, आवक-जावकचा शिक्का बसला की सुपरवायझरही ऐकतो. जमिनीतून निघालेली जुनी वस्तू कलेक्टरला कळवायची असते, तो कायदा १८७८ चा आहे, निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा. शिवाय शंभर वर्षांवरचं शिल्प १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरतं. अर्जात दोन्हींचा उल्लेख करा, समोरचा खुर्चीत सरळ बसतो.

दुसरं, पंचनामा होईपर्यंत दगड हलवू देऊ नका. "आमच्या यार्डात सुरक्षित ठेवतो" असं कुणी म्हणालं तर अजिबात नाही. यार्डात गेलेला दगड परत आलेला मी एकदाच पाहिला, तोही खडी फोडायच्या मशीनच्या दारातून.

तिसरं, गावाचं नाव दिलं नाहीत ते बरं केलंत. असे धागे दगड विकणारेही वाचतात.


रानपाखरू, मंगळवार

मुद्द्याचं बोलतो, राग येईल काहींना. हा शेंदूर नसता तर आज तुम्हाला लेख, कोरीव काम, सगळं स्वच्छ दिसलं असतं. गावोगाव हेच. वीरगळ दिसला की वेताळ, सतीशिळा (सती गेलेल्या बाईच्या स्मरणाचा दगड) दिसली की सटवाई, आणि ओत तेल. नंतर ऑइलपेंट. मी एका गावात वीरगळाला टाइल्स लावलेल्या पाहिल्यात. बाथरूमच्या.


घाटवाट, मंगळवार

टाइल्स! देवा.


सह्यपठार, मंगळवार

रानपाखरू, उलटं बोलताय. त्या फाट्यावर पाच फुटी घडीव दगड शेकडो वर्षं राहिला तो कशामुळे? म्हसोबा झाला म्हणून. नाहीतर कधीच कुणाच्या तरी गोठ्याचा उंबरा झाला असता, नाहीतर विहिरीवरचा धुण्याचा दगड. बिनशेंदराचे किती दगड टिकले ते मोजा एकदा. आणि परवा मशीन थांबलं ते कशाने, पुरातत्त्वाच्या प्रेमाने की म्हसोबाच्या भीतीने?

शिंग्रोबाचंच घ्या. जुन्या पुणे-मुंबई रस्त्याने खंडाळ्याचा घाट उतरताना देऊळ लागतं. गोष्ट अशी सांगतात की इंग्रज इंजिनिअरांना घाटातून वाट सापडेना, ती शिंग्रोबा धनगराने दाखवली. बक्षीस काय हवं विचारलं तर म्हणाला, आम्हाला स्वातंत्र्य द्या, आणि त्याला गोळी घातली. याला कागदोपत्री पुरावा मागू नका, लोककथा आहे. पण याच घाटातला, म्हणजे बोरघाटातला, रेल्वेमार्ग १८६३ साली सुरू झाला, तो बांधताना हजारोंनी मजूर मेले, आणि त्यांच्यातल्या एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही. ठाऊक आहे ते शिंग्रोबाचं, कारण ट्रकवाले अजून तिथे गाडी हळू करून नाणं टाकतात.

आणि त्याच घाटात १८३० चा अमृतांजन पूल होता. अख्ख्या महाराष्ट्राला माहीत असलेला. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊन असताना सुरुंग लावून पाडला. वाहतुकीला अडचण होती हे मान्य. पण त्याला कुणी शेंदूर लावला नव्हता, एवढं नमूद करतो.


रानपाखरू, मंगळवार

पूल देव करायचा का आता? :)

मुद्दा पोचला. पण अक्षरं जातात त्याचं काय?


कोकणकडा, मंगळवार

दोघांच्या मधलं उदाहरण देते, आमच्या रायगडातलं. अलिबागजवळ आक्षीचा शिलालेख. शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ असा त्याचा काळ वाचला गेलाय. काळाच्या वाचनावर अभ्यासकांचे वाद आहेत, पण मराठीतला सर्वांत जुना ज्ञात शिलालेख म्हणून त्याचंच नाव पुष्कळ जण घेतात. तर हा मराठीचा मान किती वर्षं कुठे होता? आक्षीच्या रस्त्याच्या कडेला. लोक त्याच्या शेजारी स्कूटर लावून मासळी घ्यायला जात.

तो गधेगाळ आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वर चंद्र-सूर्य आणि कलश, मध्ये दानाचा लेख, आणि खाली गाढव आणि स्त्री. दान दिलेली जमीन जो कोणी हिसकावील त्याच्या आईची काय विटंबना होईल, ते खाली चित्रात दाखवलंय. वाचता न येणाऱ्यालाही कळावं अशी ती धमकी. शिव्या किती जुन्या आणि कुणाच्या अंगावर पडतात हेही त्यातून दिसतं, पण तो वेगळा धागा होईल. परळचा अपरादित्याचा ११८७ चा लेखही तसलाच, तो आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. त्यात शाप अगदी सरळ मराठीत आहे: हे शासन मोडील त्याच्यावर वैद्यनाथ देवाची भाल, म्हणजे भाला, सहकुटुंब पडो, अशा अर्थाचा.

आता गंमत बघा. कोकणात काही ठिकाणी गधेगाळ अशुभ मानून पुरून टाकतात, काही ठिकाणी त्यालाच हळद-कुंकू वाहतात. गाढव बघून लाजायचं की घाबरायचं हे लोकांनाच ठरवता आलेलं नाही.

अवांतर: सतीशिळा ओळखायला सोपी. कोपरात वाकवलेला हात, मनगटात बांगड्या, तळवा आपल्याकडे. आमच्या सासरी त्याला 'हातवाली' म्हणतात. तो हात पहिल्यांदा नीट पाहिला तेव्हा मी बांगड्या मोजल्या होत्या. का ते सांगता येणार नाही.


संत्रानगरी, मंगळवार

विदर्भाची हजेरी लावतो. नागपूरचा झिरो माइल सगळ्यांना माहीत आहे, चार घोडे आणि वालुकाश्माचा खांब. शाळेत आम्हाला सांगितलं होतं की हा भारताचा मध्यबिंदू. गाइडही तेच सांगतात. प्रत्यक्षात ती महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाची, म्हणजे इंग्रजांनी केलेल्या भारताच्या मोजणीची, खूण आहे, १९०७ ची, आणि तिची उंची समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट नोंदलेली आहे. दशांशानंतर तीन आकडे! ज्यांनी पायी फिरून एवढा अचूक आकडा काढला त्यांचं कौतुक सोडून आपण मध्यबिंदूच्या गप्पा मारतो.

आणि ज्याने १८०२ साली मद्रासेतून हे काम सुरू केलं, तो विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये काम करता करता हिंगणघाटला मेला. तिथेच त्याची कबर आहे. आमच्या नागपूरहून दोन तासांवर. झिरो माइलजवळ सेल्फी काढणाऱ्या शंभरातल्या एकालाही ते ठाऊक नसेल. मलाही चाळिशीत कळलं.


फोर्टातला कारकून, मंगळवार

मुंबईत मैलाचे दगड चर्चपासून मोजलेले आहेत, सेंट थॉमस कॅथेड्रलपासून. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले, आकडे रोमन. फुटपाथ उंच होत गेले तसे ते गळ्यापर्यंत पुरले गेले. भाजीवाल्या त्यांच्यावर पाट्या टेकवत, चांभार हत्यारं घासत. अलीकडे काही वर काढून नीट बसवले. वर काढल्यावर बघितलं तेव्हा कळलं की रोज ज्यावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधायचो तो दगड कमरेएवढा आहे.


डांबरी, मंगळवार

मैलाच्या दगडांचं निघालंय म्हणून: आताच्या दगडांचं डोकं बघून रस्ता कुणाचा ते कळतं. पिवळं म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवं म्हणजे राज्य महामार्ग, केशरी म्हणजे ग्रामीण रस्ता. दर पाचव्या किलोमीटरचा दगड मोठा. मैलाचे किलोमीटर झाले तेव्हा आमच्या आधीच्या पिढीने हजारो जुने दगड उपटले आणि त्यातले बरेच मोऱ्यांच्या बांधकामात गेले. मोरीखाली वाकून बघा, उलटा आकडा दिसला तर समजा. मी एकदा पाहिलाय, मराठी सात, पाण्याखाली.


अभ्यासू बंडू, बुधवार

आमच्या गावाजवळ ओढ्यावरच्या जुन्या पुलाच्या कठड्यात "शके १७९०" असं कोरलंय, पुढचं वाचता येत नाही. कसं वाचायचं?


मोडीवाचक, बुधवार

शकात ७८ मिळवा, १८६८ आलं. दुसरीकडे कुठे सुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतली अरबी कालगणना) सापडला तर ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात, महिन्याप्रमाणे एक इकडे-तिकडे.

वाचायला रात्री जा. टॉर्च समोरून मारू नका, दगडाला गाल लावल्यासारखी अगदी बाजूने तिरकी धरा. दिवसा जिथे नुसता खडबडीत दगड दिसतो तिथे अक्षरं सावलीने उठून येतात. एक जण टॉर्च हळूहळू फिरवतो, दुसरा फोटो काढतो. खडू, पीठ, गुलाल काही भरू नका. खडूने आपण आपल्याला वाटतं ते अक्षर गिरवतो आणि पुढच्याला तेच दिसतं. माझ्या एका दोस्ताने असा एक 'श्री' तयार केला होता, दगडावर नुसती टाकीची ओरखड होती.


वडगावकर, बुधवार

आमच्या वडगाव मावळचं सांगायलाच हवं. जानेवारी १७७९ मध्ये इंग्रज फौज पुण्यावर चालून आली आणि वडगावला कोंडीत सापडली, तह करावा लागला. त्याआधी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट तोफगोळ्याने ठार झाला. तर या स्टुअर्टची समाधी आमच्याकडे आहे, नाव इष्टुर फाकडा. मराठेशाहीत साडेतीन शहाणे आणि अडीच फाकडे (फाकडा म्हणजे बेडर शूर) म्हणतात ना, त्यातला अर्धा फाकडा हा. शत्रूचा माणूस, पण लढला म्हणून नावाला फाकडा जोडून दिला. लोक त्याला मानतात, फुलं वाहतात.

महादजी शिंद्यांचं स्मारकही आहे वडगावात, मोठं, बघण्यासारखं. पण लहानपणी आजोबांबरोबर जाताना हात जोडायला लावत ते इष्टुरपाशी. "आजोबा, हा तर इंग्रज होता," मी म्हणालो. "होता," आजोबा म्हणाले, "पण पळाला नाही."


सह्यपठार, बुधवार

व्वा. "पण पळाला नाही."


पायवाट, बुधवार

दगड एक आणि अर्थ दोन, यावर कोरेगाव भीमाचा जयस्तंभ आठवला. पुणे-नगर रस्त्याला लागूनच. १ जानेवारी १८१८ ची लढाई, १८२१ मध्ये स्तंभाचा पाया घातला. कंपनी सरकारने आपल्या पराक्रमासाठी उभारला. त्यावर मेलेल्या ४९ जणांची नावं आहेत आणि त्यातली २२ 'नाक' अशी संपतात, म्हणजे महार सैनिकांची. उभारणाऱ्याला ती फक्त हजेरी होती. १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर तिथे गेले आणि ती नावं वाचण्याची पद्धतच बदलली. नावं कोरून ठेवली होती म्हणून शंभर वर्षांनी कुणाला वाचता आली. आमच्या मुक्या वीरगळांचं तसं होत नाही.


चक्रम, बुधवार

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).


व्यवस्थापन, बुधवार

कोरेगाव भीमावर स्वतंत्र धागे आहेत. इथे दगडांबद्दल बोलावं. एक प्रतिसाद काढला आहे, पुढचे सूचना न देता काढले जातील.


घाटवाट, शनिवार

अपडेट देतो, उशीर झाला.

डांबरीसाहेब, तुमचा शिक्का कामी आला. तलाठी आणि मंडळ अधिकारी येऊन पंचनामा करून गेले. पुरातत्त्वाकडून एक मॅडम आल्या, अर्धा तास दगडापाशी उकिडव्या बसल्या, टेपने मापं घेतली. शेंदूर काढायला गावातली पोरं तारेचा ब्रश आणि कुठलंसं ॲसिड घेऊन तयारच होती, त्यांना मॅडमनी अशी हाक मारली की पोरं अजून फाट्यावर फिरकलेली नाहीत. म्हणाल्या, तेलाचा शेंदूर दगडात मुरलेला असतो, ओढून काढला तर दगडाची सालही येते. जेवढा आपोआप सुटलाय तेवढा सुटू द्या.

दगड उभा केला तेव्हा खालचा भाग पहिल्यांदा दिसला. मोडीवाचक, तुमचंच बरोबर. गाई आहेत. तीन. मातीत पुरलेल्या असल्यामुळे त्यांना शेंदूर कधी लागलाच नाही, त्यामुळे त्या कोऱ्या करकरीत. एका गाईने मान मागे वळवलीय आणि तिच्या पोटाशी वासरू आहे, टाचेएवढं. पाण्याने माती धुतली तेव्हा सगळ्यात आधी त्या वासराचे कान दिसले. मला काही सुचेना. त्या माणसाचं नाव नाही, गाव हेच असेल की शेजारचं तेही ठाऊक नाही, पण तो कशासाठी मेला ते एवढं स्वच्छ.

मग ग्रामसभा. निम्मे म्हणाले जिल्ह्याच्या संग्रहालयात द्या, निम्मे म्हणाले म्हसोबा गाव सोडून जाणार नाही. आमच्या आळीतल्या एक म्हाताऱ्या मावशी उठल्या, कधी सभेला येत नाहीत. म्हणाल्या, "इतकी वर्षं आम्ही नारळ दिला तो कुणाला दिला, ते कळलं म्हणून तुम्ही त्याला काढून नेणार व्हय?" विषय संपला. रस्त्यापासून आत चाळीस पावलांवर पिंपळाचा पार आहे, तिथे चौथरा करून बसवायचं ठरलं. गाई वर दिसतील इतका उंच.

आता फलक लावायचाय. सरपंचांनी मजकूर पाठवलाय: "शिवकालीन ऐतिहासिक वीरगळ. मराठा साम्राज्याच्या शूर सरदाराचे पवित्र स्मारक." यावर तुमचं म्हणणं?


मोडीवाचक, शनिवार

अरे देवा. शिवकालीन!

महाराष्ट्रात दोनच काळ आहेत, पांडवकालीन आणि शिवकालीन. लेणं असेल तर पांडव, बाकी सगळं शिवाजी महाराज. महाराजांना याची काही गरज नाही. हा दगड घडणीवरून त्यांच्या पुष्कळ आधीचा दिसतो, यादवकाळाच्या आसपासचा म्हणता येईल. आणि सरदार कुठून आला? पायदळ माणूस आहे, घोडा नाही, छत्र नाही.


डांबरी, शनिवार

फलक लावणार असाल तर पत्र्याचा नको, दोन पावसाळ्यांत गंजतो, आणि त्यावर वाढदिवसाचे फ्लेक्स चिकटतात. ग्रॅनाइटची लहान फरशी, कोरून. आणि दगडाला भोक पाडून नाही, वेगळ्या खांबावर.


रानपाखरू, शनिवार

मजकूर लहान ठेवा. "पवित्र", "गौरवशाली", "जाज्वल्य" यातलं एकही नको. जे दिसतंय तेवढं लिहा. पुण्यात जुन्या घरांवर निळे फलक आहेत बघा, नाव, कोण होते, कधी राहत होते, संपलं. उभ्या उभ्या वाचून होतात.


कोकणकडा, शनिवार

आणि कसा वाचायचा ते लिहा! "खालून वर पाहा." त्याशिवाय शाळेतली पोरं वरची पूजा बघून पुढे जातील.


सह्यपठार, शनिवार

आणि म्हसोबा हे नाव गाळू नका. तेही त्याचंच नाव आहे आता. मला विचाराल तर तेच पहिलं लिहा.


घाटवाट, शनिवार

बसलो लिहायला. हे कसं वाटतं:

"म्हसोबा (वीरगळ). गाई वाचवताना मरण आलेल्या एका माणसाची ही शिळा आहे. खालून वर पाहावी: गाई व पडलेला वीर, लढाई, अप्सरा, शिवपूजा. बहुधा यादवकाळ. नाव कोरलेले नाही. रस्तारुंदीत सापडली, गावाने येथे बसवली."


मोडीवाचक, शनिवार

"बहुधा" ठेवलंत याबद्दल तुम्हाला साष्टांग दंडवत. सरपंच ते काढायला लावतील. काढू देऊ नका.


रानपाखरू, शनिवार

+१. शिंग्रोबावाल्यांचा विजय झाला असं मी जाहीर करत नाही, पण फोटो टाका.


घाटवाट, तीन आठवड्यांनी

बसवला. फोटो जोडलाय. जेसीबीवाला तोच पोरगा होता, त्याने स्वतःहून मशीन आणलं, पैसे घेतले नाहीत. पट्टा बांधताना गाईंच्या बाजूला गोणपाट घातलं त्याने, कुणी सांगितलं नव्हतं.

"बहुधा" राहिलं, सरपंचांशी दोन चहा लागले. फरशी कोरणाऱ्याने मात्र "विरगळ" असं ऱ्हस्व केलंय. मोडीवाचक, क्षमा असावी. दुसरी फरशी घ्यायला पैसे उरलेले नाहीत.

आणि हो, बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर वासराच्या कपाळावर शेंदराचा एक टिकला. बोटाने लावलेला, ओला होता अजून.


रानपाखरू, तीन आठवड्यांनी

पुसलात?


घाटवाट, तीन आठवड्यांनी

नाही.